पाचशे शब्दांत माझं अपयश

४ ऑगस्ट, सोमवार
नेहा मॅडमनी तिसरा ड्राफ्टही परत केला. बी-स्कूलच्या एमबीए प्रवेशाचे निबंध ‘घडवून’ देते म्हणे ही बाई. मोठी सोनार लागून गेली! इथल्या एचएसआर भागातल्या त्या कॅफेत कॉफीवरचा फेस चमच्यानं खात म्हणते, “स्वाती, तुझ्यात स्ट्रगलच दिसत नाहीये गं. घरी कुणी आजारी वगैरे? बाबांचं काही?”

बाबांना काय धाड भरलीये? नागपुरात रोज सकाळी तर्री-पोहे हाणून फुटाळा तलावाला चक्कर मारतात. तसं सांगितलं तर बाईचा चेहरा पडला. माझा बाप धडधाकट आहे याचं हिला वाईट वाटून राहिलं! शी. घरी येऊन अंघोळ केली.

प्रश्न तोच. ‘तुम्ही अपयशी ठरलात असा एक प्रसंग, आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत.’ पाचशे शब्द. शेवटची तारीख ३ सप्टें. दोन वर्षं नकार आलाय. यंदाही नकारच आला तर पुन्हा फॉर्म भरायचा नाही, ठरवलंय. मग आहेच, जन्मभर बॉसच्या, रघु सरांच्या मीटिंगांत नंदीबैलासारखी मान हलवणं.

९ ऑगस्ट, शनिवार
आज बोलून बसले. आईलाही सांगितलं नव्हतं, ते या बाईला सांगितलं. काहून सांगितलं देव जाणे. बाकी काही उरलंच नव्हतं बहुतेक.

गेल्या वर्षीचा मार्च. आमचं अ‍ॅप दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं. शुक्रवारी दुपारी मी एक बारीकसा बदल टेस्टिंगला न देताच चालू केला. घाई होती, अन् माज होता. तीन तास एकाच्या वेळेचे मेसेज दुसऱ्याला. म्हातारी माणसं भलत्याच डॉक्टरच्या दारात. मीटिंगमध्ये रघु सरांनी विचारलं, टेस्टिंगमधून हे सुटलंच कसं? टेस्टिंगला बसवराज. निपाणीकडचा, चाळिशीचा, कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस. ऑफिसात मराठी बोलणारी मी एकटीच, म्हणून रोज चहाला ‘चला अक्का’ म्हणून हाक मारायचा. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे पाहिलं. मूग गिळून बसले. बदल कुणी केला याची नोंद असते, तो लॉग कुणी उघडूनही पाहिला नाही. कॉन्ट्रॅक्टवाला हाताशी होता ना. सोमवारी त्याचं कार्ड गेटवर चाललं नाही.

हे ऐकून बाईनं टेबलावर हात आपटला. “अगं, धिस इज गोल्ड! इतके दिवस कुठे लपवून ठेवलं होतंस?”

गोल्ड! एका माणसाची नोकरी गेली, अन् ही गोल्ड म्हणून राहिली.

मग म्हणे, “फक्त शेवट फिरवू. त्याच संध्याकाळी तू बॉसच्या केबिनमध्ये गेलीस. चूक माझी आहे म्हणालीस. त्याची नोकरी वाचली.”
मी : नाही ना वाचली पण.
ती : कोण बघायला जातंय?

तिची किळस आली. खरंच आली. तरी हो म्हणून उठले.

१२ ऑगस्ट, मंगळवार
लिहिला. एका बैठकीत. केबिनचं काचेचं दार, आतले सर, बाहेर मी. ‘दार ढकलताना माझा हात अजिबात कापला नाही’ असंही ठोकून दिलं इंग्रजीत. वाचता वाचता माझ्याच अंगावर काटा आला! थू. आपणच मारलेली थाप, अन् आपल्यालाच गहिवर.

बसवराजचा ‘रमेश’ केला. बाई म्हणे, सेफ राहू. खरी माणसं फार गचाळ असतात, तिला अशी स्वच्छ धुतलेली लागतात.

१७ ऑगस्ट, रविवार
ड्राफ्ट सात. बाईला आता ‘रमेश’च्या डोळ्यांत पाणी हवंय. मी म्हटलं, त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तो नुसता बघत होता. ती म्हणे, “हो, पण रीडरला फील व्हायला हवं ना.”
घातलं पाणी. दोन ओळी पाणी.

२० ऑगस्ट, बुधवार
आता शिफारसपत्र. ते बॉसनं लिहायचं असतं. रघु सर कँटीनच्या रांगेत म्हणाले, “तू ही लिख दे ना, मैं अपलोड कर दूँगा.” सगळीकडे असंच चालतं म्हणे. आपली आरती आपणच ओवाळायची, दुसऱ्यानं फक्त ताट धरायचं.

नेहा मॅडमची सूचना, दोन्हीकडची गोष्ट जुळली पाहिजे. म्हणून मी रघु सर होऊन लिहिलं, ‘मी टेस्टरला काढायचं ठरवलंच होतं. त्याच संध्याकाळी स्वाती माझ्याकडे आली आणि चूक आपली आहे म्हणाली. मी चुकलो होतो.’ ज्यानं त्याला काढलं त्याच्या तोंडी हे घालताना वाटलं, आता पकडली जाईन. सर ओरडतील, हे कधी झालं म्हणून विचारतील.

विचारलं खरं. दहीभात खाता खाता मोबाइलवर वाचून म्हणाले, “ये कब हुआ था?” अन् पुढे स्वतःच, “चलो, हुआ होगा. अच्छा है, ह्युमिलिटी दिखती है.”

हुआ होगा! ज्याला घरी बसवला तो माणूस बिचाऱ्याला आठवतही नाही. एकच दुरुस्ती केली. ‘मी चुकलो होतो’ खोडून ‘मला शिकायला मिळालं’. संध्याकाळच्या आत अपलोड करून मोकळे.

 पण सरांना नावं कुठल्या तोंडानं ठेवू? ते तर नुसते विसरले. मी आठवून आठवून खोटं लिहिलं.

२४ ऑगस्ट, रविवार
गणपतीचं सामान आणायला बसवनगुडीच्या बाजारात गेले. फुलांच्या गल्लीत मागून हाक, “अक्का! स्वातीअक्का!”

बसवराज. सोबत बायको. पळून जावंसं वाटलं, पण गर्दीत पळते कुठं? त्यानं फुलवालीशी कन्नडमध्ये भांडून माझी शिळी शेवंती परत घ्यायला लावली अन् ताजी घेऊन दिली. बायकोनं पिशवीतली दोन केळी माझ्या हातात कोंबली. नको म्हटलं तरी ऐकेना.

मग बाजूला घेऊन म्हणाला, “एक सांगू का? नवी कंपनी घ्यायला तयार हाय मला. पर तुमच्या हापिसातनं चौकशीला उत्तर जातंय, निष्काळजीपणामुळं काढला म्हणून. दोन ठिकाणी त्यामुळंच हुकलं. ते काम माझ्याकडं टेस्टिंगला आलंच नव्हतं, येवढंच लिवून द्या की. खाली सरांची सही. स्वल्प त्रास देतोय तुमास्नी.”
मी : कधीपर्यंत?
“मंगळवार. म्हंजे पुढच्या मंगळवारी, दोन तारखेला.”

त्याला सगळं माहीत आहे. पहिल्या दिवसापासून. एक शिवी नाही, टोमणा नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.
‘बघते’ म्हणाले. शेण खाल्लं पुन्हा.

२५ ऑगस्ट, सोमवार
नेहा मॅडमना फोन. त्या ओरडल्याच. “वेडी आहेस का? लेखी काही देऊ नकोस! त्याला दोषी धरून काढलं होतं आणि तू आत्ता कबूल करतेयस, असं कागदावर आलं की तुझा निबंध खोटा ठरतो. हे लोक पडताळणी करतात. तीन तारीख जाऊ दे, मग बघ काय ते.”
म्हटलं, त्याची दोन आहे.
“मग सॉरी म्हण ना!”
एवढं सोपं. सॉरी म्हण ना.

२७ ऑगस्ट, बुधवार
चतुर्थी. मोदक तीन फुटले, दोन बरे. आईचा व्हिडिओ कॉल. निबंध झाला का म्हणून बाबांनी मागितला होता, तर मी भैताडासारखा परवा पाठवून दिला. बाबांनी डिक्शनरी घेऊन दोन दिवस वाचला. आज स्क्रीनवर येऊन बसले अन् बोलताच येईना त्यांना. “माही पोरगी खरं बोलाले उभी राहिली,” एवढंच म्हणाले. पुन्हा पुन्हा तेच.

मागे आई, “अगं, प्रिंट काढून गणपतीसमोर ठेवली आहे त्यांनी. शेजारच्या काकूंनाही वाचून दाखवली.”

फोन ठेवून बाथरूममध्ये ओकले. मोदकांनी नाही.

३० ऑगस्ट, शनिवार
ड्राफ्ट अकरा फायनल. बाईनं मेसेजमध्ये तीन लाल बदाम पाठवले. फॉर्म पूर्ण भरलाय, फक्त बटण दाबायचं. दाबलं नाही. तारखेला वेळ आहे, असं स्वतःला सांगून राहिले.

कपाट आवरलं. गॅस घासला. गॅसच्या मागची भिंतही घासली.

१ सप्टेंबर, सोमवार
बसवराजचा मेसेज : ‘अक्का उद्या झालं तर बघा. नाही झालं तर सरी.’

सरी. म्हणजे चालेल. त्याचं कसं चालेल? बायको बनशंकरीत दोन घरी स्वयंपाक करून राहिली, त्या दिवशी बाजारात सहज बोलून गेली.

पत्र लिहिलं. चार ओळी. ‘तो बदल मी केला. टेस्टिंगला दिला नव्हता. बसवराज यांचा काही दोष नव्हता. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं.’ खाली माझी सही, शेजारी सरांसाठी जागा. अकरा ड्राफ्ट लागले नाहीत याला. कुणाच्या डोळ्यांत पाणी घालावं लागलं नाही.

पण सरांची सही हवी तर केबिनमध्ये जावं लागणार, तोंडानं सांगावं लागणार. तेच, जे पाचशे शब्दांत केलंय म्हणून सांगितलंय. अन् एकदा ही सही झाली की ते पाचशे शब्द गेले, शिफारसपत्र गेलं, कदाचित माझीही नोकरी. बाबांची प्रिंट आहे तिथेच, गणपतीसमोर.

कुणावर चिडू? बाईवर चिडून झालं, सरांवर चिडून झालं. राहिलं कोण?

२ सप्टेंबर, मंगळवार, ऑफिस
केबिनबाहेरच्या खुर्चीवर. सर कॉलवर आहेत, काचेतून दिसतात, हातवारे करून कुणाला तरी समजावून राहिले. कामात आहे असं दिसावं म्हणून ही वही उघडून बसले.

पत्र फोल्डरमध्ये. दोनदा उठून पाणी पिऊन आले. दुसऱ्यांदा तर जागेवरच परत गेले, लॅपटॉप उघडला, तसाच मिटून इथे आले. बटण तिथेच, हिरवं.

नेहा मॅडमचा मेसेज : ‘ऑल सेट? सबमिट केलंस का?’ उत्तर दिलं नाही.
बसवराजचा मेसेज नाही. सकाळपासून चार वेळा पाहिलं.

सरांनी कॉल ठेवला. आतून हातानंच ‘ये’ म्हणाले.

हात कापून राहिला. अक्षर बघा.