पिवळा रुमाल मीच उचलला

कॉटनवुड बेंड, नेब्रास्का
सोमवार सकाळ, रोलचं पीठ फुगत ठेवून

चिरंजीव डेल्बर्ट यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (शुक्रवारी तू जे केलंस त्यानंतर ते द्यावेत का, यावर मी दोन दिवस विचार केला. पण आईला शब्द दिलाय, तेव्हा घे.) तुझा गुडघा कसा आहे? शेकतोस की नुसताच कुरकुरतोस? मक्याची कापणी उरकली असेल. इकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे मला मैदानात पाय ठेवायची बंदी आहे तेवढं सोडून.

आता तू म्हणशील, घडलं ते मी बघितलंय, सामन्याचा पंच मीच होतो. तू तुझ्या बाजूने बघितलंस. तीस वर्षं तो काळा-पांढरा पट्ट्यांचा सदरा घालून तू लोकांना गप्प बसवत आलायस, पण पत्रात शिट्टी वाजत नाही. म्हणून शेवटपर्यंत वाच.

मुळात चेंडू हातात धरून पळायचा हा आपला फुटबॉल मला कळत नाही हा माझा दोष नाही. चाळीस वर्षं मी शाळेच्या मैदानाच्या फाटकाबाहेर चिलीचं तिखट कालवण आणि दालचिनीचे रोल विकतेय, आणि काउंटर असा बांधलाय की खेळाकडे माझी कायम पाठ. मला सामना कळतो तो आवाजावरून. ‘आऽऽ’ झालं की आपल्या पोरांचं काहीतरी भलं झालं, ‘ओऽऽ’ झालं की आता कॉफीला गर्दी होणार. एवढ्यावर माझं छान चाललं होतं. पण आपली ब्रिन (माझी नात म्हणून सांगत नाही, पण पोरांच्या संघात चेंडू लाथाडायला ठेवलेली ती एकटी पोरगी) गेल्या महिन्यात काउंटरवर येऊन उभी राहिली. म्हणाली, “आजी, शाळेचं माझं हे शेवटचं वर्ष. एकदा तरी वळून बघ की गं! आणि येशील ती जरा भाषा शिकून ये. भलत्या वेळी टाळ्या वाजवून माझी लाज काढू नकोस.”

तेव्हा मी शेजारच्या ऑरव्हिल टॉफ्ट यांच्याकडे शिकवणी लावली. (निवृत्त न्हावी, विधुर, माणूस सज्जन, पण चाळीस वर्षं लोकांचं डोकं हातात धरून बोलायची सवय, त्यामुळे मधे कोणी उठून जाईल हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.) माझ्या जेवणाच्या टेबलावर घेवड्याचे दाणे म्हणजे आपली पोरं आणि मक्याचे दाणे म्हणजे शत्रू, असा अभ्यास सुरू झाला. पहिलाच शब्द ‘डाउन’. मी विचारलं, कोण पडलं? ऑरव्हिल म्हणाले, “व्हर्नाबाई, डाउन म्हणजे पडणं नव्हे. डाउन म्हणजे संधी. चार संधींत दहा यार्ड पुढे जायचं.” बरं, मग ‘सेफ्टी’? तर म्हणे आपल्याच घरात शत्रूने आपल्याला चेंडूसकट लोळवायचं, आणि वर त्यालाच दोन गुण द्यायचे! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय? ‘पंट’ म्हणजे हातातला चेंडू स्वतःच लाथेने शत्रूला पोचवणं. ‘होल्डिंग’ म्हणजे समोरच्याला धरून ठेवणं, आणि तो गुन्हा. पण चेंडूवाल्याला उचलून आपटलं तर शाबासकी. मी म्हटलं, हा खेळ कुणीतरी डिक्शनरीवर सूड उगवायला काढलेला दिसतोय. ऑरव्हिल इतके हसले की एक मक्याचा दाणा गिळून बसले आणि शत्रूचा एक गडी कमी झाला.

रुमालाचा धडा (पंचाने पिवळा रुमाल टाकला म्हणजे कुणीतरी गुन्हा केला) शनिवारी होता. सामना शुक्रवारी होता. माझा सगळा गुन्हा या दोन वाक्यांत आला, डेल्बर्ट.

शुक्रवारी जन्मात पहिल्यांदा मी खेळाकडे तोंड करून बसले. नेहमीचे पंच आजारी म्हणून ऐनवेळी तुला बोलावल्याचं बघून आनंदच झाला, म्हटलं घरचा माणूस आहे. शेवटी आपण एका गुणाने मागे, घड्याळात चार सेकंद, आणि ब्रिन लाथ मारायला आली; चेंडू दोन खांबांमधून गेला की जिंकलो. तिने मारली, आणि त्याच क्षणी समोरचा तो रेड्याएवढा पोरगा येऊन तिच्यावर आदळला. चेंडू खांबाला लागून परत. ब्रिन गवतावर. मी ताडकन उठले. ऑरव्हिल माझी बाही ओढत म्हणतायत, “बसा व्हर्नाबाई, आता अजून एक डाउन मिळणार!” मी ओरडले, “अहो, पोरगी खरोखरची डाउन आहे!” आणि कुंपण ओलांडून धावले. (वय सदुसष्ट. तुझ्या गुडघ्याला सांग.)

वाटेत गवतावर पिवळा रुमाल पडलेला. आता तू लहानपणापासून रुमाल हरवतोस हे मला नाही तर कुणाला माहीत? मी उचलला. ब्रिनच्या नाकातून रक्त येत होतं, ते पुसलं. ती बिचारी पडल्यापडल्या ओरडतेय, “आजी, टाक तो रुमाल! अगं टाक म्हणते ना!” आणि मी म्हणतेय, शिंकर आधी. तिकडे शत्रूचा प्रशिक्षक थयथयाट करतोय की रुमाल पडलाच नाही, पडला तर दाखवा, आणि तू वाकून गवतात शोधतोयस. मग मी तुला दिसले. तू दुसरा रुमाल काढून माझ्या पायाशी टाकलास. मी तोही उचलला. चाळीस वर्षं काउंटर पुसणाऱ्या बाईसमोर फडकी टाकायची नसतात.

त्यावर तू मला म्हणालास, “बाई, मैदानाबाहेर व्हा.” बाई! ज्या बहिणीने तुला नाक शिंकरायला शिकवलं तिला बाई!

त्या आडदांडाच्या गुन्ह्याचे पंधरा यार्ड पुढे, माझ्या गुन्ह्याचे पंधरा मागे, म्हणजे चेंडू जिथल्या तिथे. ब्रिन पुन्हा लाथ मारायला उभी राहिली तेव्हा मला फाटकाबाहेर काढलं होतं. मी आपल्या काउंटरला टेकून, पाठ मैदानाकडे, जशी चाळीस वर्षं उभी असते तशीच. आणि मग ‘आऽऽ’ झालं. असं ‘आऽऽ’ मी कधी ऐकलं नव्हतं, पातेल्यावरचं झाकण थरथरलं. मी तिथेच नाचले, एक रोल खाल्ला आणि मग रडले. कारण सगळ्या गावाने ते बघितलं, आणि शिकवणी लावून बसलेल्या मी एकटीने तेवढं बघितलं नाही.

असो. तुझ्यावर राग नाही. गुडघा जप.

तुझी थोरली बहीण (बाई नव्हे),
व्हर्ना

ता. क. : येत्या शुक्रवारी बाद फेरीचा सामना इथेच आहे. हरलो तर ब्रिनचा तो शेवटचा. मुख्याध्यापक म्हणतात, “पंचांनी एक ओळ लिहून दिली तरच आत सोडू.” एकच ओळ, डेल्बर्ट. ‘हिला रुमालाचा अर्थ माहीत नव्हता’ एवढी पुरे.

ता. क. दुसरा : दोन्ही रुमाल धुऊन इस्त्री करून सोबत ठेवलेत. रक्ताचा डाग जाईना म्हणून ब्लीचमध्ये टाकले, तर पिवळा रंगच गेला. आता पांढरी निशाणं हाती आली म्हणून मी शरण आलेय असं समजू नकोस. ब्लीच जरा जास्त पडलं, इतकंच.

ता. क. तिसरा : तुझी ओळ नाही आली तरी माझं अडणार नाही. ऑरव्हिलनी काउंटरच्या मागच्या फळीला गिरमिटाने भोक पाडून दिलंय. बाकांखालून थेट गोलाचे दोन्ही खांब दिसतात. ब्रिन येऊन बघून गेली. म्हणाली, लाथ मारायच्या आधी त्या भोकाकडे बघेन. पण भोकात एकच डोळा मावतो रे. मला दोन्ही डोळ्यांनी बघायचंय.