चुकीचे कागद

१२ जानेवारी १९८६, कळंब

पुन्हा समीकरणात तेच पद! जिथे शून्य यायला हवे तिथे धोंड्यासारखे बसून आहे. तिसऱ्यांदा पहिल्या ओळीपासून केले, तिसऱ्यांदा तेच.

येथे स्वच्छ मांडून ठेवते, म्हणजे डोके तरी स्वच्छ होईल. पायॉन हा हलका मेसॉन न्यूक्लिऑनवर — म्हणजे प्रोटॉनवर किंवा न्यूट्रॉनवर — अगदी सावकाश आदळतो आणि परततो. त्या दोघांत काय घडते ते आकड्यांत सांगायचे, इतकाच माझा प्रश्न. आत खोलवर काय चालते याचा पत्ता नसला तरी चालतो. कमी ऊर्जेला पुरेल एवढाच सिद्धांत उभारायचा. इंग्रजीत त्याला भारदस्त नाव आहे. मी 'कामापुरता क्षेत्रसिद्धांत' म्हणते. त्याचा प्राण एकच — प्रत्येक पुढची पायरी आधीच्या पायरीहून लहान असली पाहिजे. तरच दोन-तीन पायऱ्यांवर थांबता येते. मेसॉन आणि मेसॉन यांच्यात हे चोख चालते. मी त्यात बॅरिऑन, म्हणजे न्यूक्लिऑनच्या जातीचा जड कण, घातला, आणि वरच्या पायरीवर राहायला हवे ते वलय — पायॉन सोडून परत गिळण्याच्या फेऱ्याचे पद — खाली उतरून पहिल्या पायरीवर येऊन बसले!

अर्थात चूक आहे. माझी आहे.

चुकीचा कागद घरात ठेवायचा नाही हा माझा नियम. उद्या कोणाच्या हाती लागला तर? सकाळी सगळी पाने आईच्या हवाली करते. रॉकेल मिळत नाही, लाकडे महाग. अंघोळीचे पाणी माझ्या चुकांवर तापते. आई खूष. "तुझं इंग्रजी लई झटकन पेटतंय बग जाये. मराठी कागुद नुसता धुपतो."

१९ जानेवारी

पुण्याहून सरांचे पत्र. माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक. अजून विसरलेले नाहीत. तिथल्या संशोधनसंस्थेत एक जागा निघते आहे, एप्रिलच्या अखेरीस मुलाखत. "एक पुरे झालेले, स्वतःचे काम हातात घेऊन ये. बाकीचे माझ्यावर सोड."

सात वर्षे या महाविद्यालयात आहे. बी.एस्सी.च्या मुलांना लोलकाचा प्रयोग शिकवते आणि ते आधी उत्तर लिहून मग लोलक हलवतात. ग्रंथालयात भौतिकीचे एकही नियतकालिक येत नाही. साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल मात्र पुठ्ठाबांधणीत आहे, कारण कारखान्याचे चेअरमन तेच आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. या वर्षी कारखान्याला ऊस नाही. अहवाल तरीही जाडच निघेल.

आईला सांगायला नको होते. संध्याकाळपर्यंत साऱ्या वस्तीला ठाऊक! "माजी जाई पुन्याला चालली. तितं नळाला पानी हाय, दोन टाइम." शेजारच्या सरुबाईला आमचा तांब्याचा हंडा देऊनसुद्धा टाकला — म्हणजे, देईन म्हणाली. सरुबाई लगेच बघायला आली. हंडा उलटा करून बुडाला टिचक्या मारल्या. "पोचा हाय की गं मथुराबाई!"

"मग नगं घेऊ. पुन्याला घिऊन जाती."

२ फेब्रुवारी

सगळी चिन्हे तपासली. सगळी बरोबर. म्हणजे चूक अधिक खोल आहे.

१६ फेब्रुवारी

दोन दिवस टँकरवर ड्यूटी. प्राचार्यांचा हुकूम: राष्ट्रीय सेवा योजनेची मुले रांग लावतील, मॅडम देखरेख करतील. रांग म्हणजे काय हे या गावाला माहीत नाही. घागरी रांगेत, माणसे सावलीत. आणि टँकर आला की सारे विसरून धावतात. मी ओरडले. कोणी ऐकले नाही. एक म्हातारी मात्र थांबून म्हणाली, "बाई, तुमचा आवाज लई साळंतला हाय. पान्याच्या आवाजात बोला की."

स्टाफरूममध्ये नारायणराव. रसायनशास्त्र शिकवतात, तुळजापूरचे, पुजाऱ्यांच्या घरातले. मनाचा चांगला माणूस, कामाचा ढिला. त्यांच्या प्रात्यक्षिकांचे आकडे नेहमी पुस्तकाशी जुळतात.

"काय मॅडम, त्या पायॉनचं आणि न्यूक्लिऑनचं जमलं का?"

"जमत नाही."

"मग पत्रिका बघून घ्या. मंगळ असेल."

मी हसले नाही. तरी ते विचारत राहिले, म्हणून सांगितले — एक पद नको तिथे येते. त्यांनी पानाला चुना लावला, विचार केल्यासारखे केले. "एवढंच ना? लिहून टाका. अमुक पद जास्त येतंय, का ते कळत नाही. खाली सही. पोस्टात टाका. चुकलं तर चुकलं, त्यात काय!"

"तुम्हाला परवडतं, नारायणराव."

ते पान तोंडाशी नेता नेता थांबले.  

८ मार्च

वेगळ्या वाटेने गेले. वलयाचे संकलन निराळ्या पद्धतीने मांडले, चले बदलली. सारी वाट नवी. मुक्कामाला तोच धोंडा.

पुण्यातला तो सेमिनार आज सारखा आठवतो आहे. फळ्यावर मी एका ठिकाणी अधिकच्या जागी उणे लिहिले. सरांनी लगेच दाखवले, मी लगेच सुधारले, अर्ध्या मिनिटाची गोष्ट. मागच्या बाकावरून हलक्या आवाजात आले — "कोट्यातलं गणित." दोघेतिघे खाकरले. त्याच दुपारी दुसऱ्या एका विद्यार्थ्याने फळ्यावर तीन चुका केल्या आणि सभागृह खळखळून हसले, तोही हसला, मग सगळ्यांनी चहा घेतला.

त्यांची चूक हा विनोद असतो. माझी चूक हा पुरावा असतो.

म्हणून माझ्या हातून चुकीचा कागद बाहेर जाणार नाही. हा अहंकार असेल तर असो.

२३ मार्च

सरांचे कार्ड. "एक पद नको तिथे येते म्हणतेस, ते काय? आहे तसे पाठव. मी पाहतो."

उत्तर लिहिले: चूक सापडली की पाठवीन. त्याआधी आपला वेळ घेणे मला उचित वाटत नाही.

वाक्य चांगले उतरले. पोस्टात टाकल्यावर बरेही वाटले. थोडा वेळ.

६ एप्रिल

यातना अशी की अर्धे बरोबर येते! पायॉनच्या वस्तुमानाच्या घनाचे पद हवे तिथे, हवे तेवढे, सहगुणकासह येते. ते पूर्वीपासून ज्ञात आहे, ताडून पाहिले. साफ चुकलेल्या कामात एवढे नेमके उत्तर कसे येईल? आणि बरोबर कामात ही घाण कुठून येईल?

आई: "जाये, जेव. ती भाकर तुज्याकडं बगून वाळली."

१४ एप्रिल

जयंती. वस्तीत निळ्या पताका. पाणी नाही म्हणून रस्त्यावर सडा नाही, नुसती झाडलोट. मला बोलायला उभे केले. मी दहा मिनिटे नीट बोलले. कोणाला फारसे कळले नसावे, सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मग हरिबा उठले. आमच्यातले सगळ्यात वडीलधारे, वडिलांच्या बरोबरीचे; छप्पनला दोघे मिळून नागपूरला गेले होते. काठी टेकवून म्हणाले, "आमच्या बा-आज्यानं दुसऱ्याच्या बांधावर जल्म काडला. आन आमची ही पोरगी अणूच्या पोटातलं गणित करती. तिचं गणित कुनाला खोडता येत न्हाय!"

टाळ्या, शिट्ट्या. आईने पदर डोळ्यांना लावला.

मी खाली पाहत होते. खोडायला दुसरे कोणी नकोच, हरिबा. मीच रोज सकाळी खोडते.

२५ एप्रिल

पुण्याला गेले नाही. म्हणजे निघाले होते.

सकाळची गाडी येरमाळ्यात अडकली. येडेश्वरीची यात्रा, आज चुनखडी वेचण्याचा दिवस — प्रत्येकाने रानातले चुन्याचे पाच खडे वेचायचे, ढिगावर टाकायचे. रस्ता माणसांनी भरून वाहत होता. ड्रायव्हरने इंजिन बंद केले आणि तोही खडे वेचायला उतरला! एसटी महामंडळ धन्य.

शेजारची बाई मुरूडची. "ताई, तुमी उतरत न्हाईत?"

"मी देवी मानत नाही."

"देवीसाटी कुटं सांगतीया तुमाला? देवळाच्या भिताडाला चुना लागतो. भिताड तरी मानता का?" आणि हसत उतरून गेली.

मी खिडकीतून पाहत बसले. पिशवीत कागद होते — सुवाच्य अक्षरात केलेली नवी प्रत, फक्त शेवटचे पान कोरे. ढीग वाढत होता. कोणी म्हातारा पाच खडे टाकी, कोणी बाई पाच टाकी. पहिल्या माणसाचे खडे आणि हजाराव्या माणसाचे खडे सारखेच. मागून येणारे लहान होत नव्हते. माझी पदे अशीच आहेत, असे वाटले. पायॉन हलका, म्हणून त्याची पावले लहान होत जातात. न्यूक्लिऑन मुळातच जड. त्याचे वस्तुमान त्या सगळ्या मोजपट्टीच्याच तोलाचे. मग त्याच्या वलयांनी लहान व्हावे तरी कशासाठी? ते लहान होतच नसतील तर? चूक नसेलच तर? पायऱ्यांचा हिशेबच तिथे मोडत असेल तर?

पिशवीतले कोरे पान काढायला हात गेला.

मग शुद्धीवर आले. एवढी सरळ गोष्ट जगातल्या कोणाच्याच ध्यानात आली नसती? कळंबच्या एका बाईला ती एसटीच्या खिडकीतून दिसावी? स्वतःची चूक झाकायला माणूस काय काय सिद्धांत काढतो! मुलाखतीच्या खोलीत मी हे बोलले असते, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी खाकरले असते.

गाडी सुटायच्या आधी पिशवी घेऊन उतरले. उलट बाजूला कळंबची गाडी उभी होती.

आई दारात. "का गं? माघारी?"

"काम पुरं नाही झालं."

तिने पिशवी माझ्या हातातून घेतली. "आपलं कंदी काय पुरं झालतं, पोरी? तसंच जायचं असतंय."

मी निघताच आईने सरुबाईकडे पोचवलेला हंडा तिच्या ओट्यावरून परत आणला. तिनेच पुढे केला. पोच्याबद्दल काही बोलली नाही. ते जास्त लागले.

११ मे

जागा भरली. सरांनी कळवले, कोणाला मिळाली तेही. त्याच्या छापील लेखात मला दोन चुका सापडल्या होत्या. एक तर पहिल्याच पानावर आहे.

सरांच्या पत्रात राग नाही. असता तर बरे झाले असते.

१५ जून

पाऊस नाही. ढग येतात, सोलापूरकडे जातात.

आज शेवटचा गठ्ठा दिला. ती सुवाच्य प्रतही. आईने हातात तोलून पाहिला. "ह्यो तर लई देखना लिवलायस. सगळा?"

"सगळा."

"एक तरी ऱ्हाऊ दे. म्या पेटीत ठिवती. अक्षर बगायला."

"आई, चुकीचा आहे तो."

"मला कुटं वाचाय येतंय? मला चुकीचा न्हाय." पण चूल पेटली होती, आणि मी तिथेच उभी होते. एकेक करून घातले तिने. नेहमीसारखे गठ्ठ्याने नाही.

७ सप्टेंबर १९८७

सव्वा वर्षाने ही वही उघडली. लिहिण्याजोगे काही नाही. लोलक, टँकर, लोलक. नारायणरावांनी हल्ली चेष्टा करणे सोडले आहे. पान पुढे करतात, मी नको म्हणते.

३० ऑक्टोबर १९८८

यंदा पाऊस झाला. प्रयोगशाळेचे छत गळते. प्राचार्यांना सांगितले तर म्हणाले, "दोन वर्षे पाणी नाही म्हणून रडत होता ना?"

हंडा शेवटी सरुबाईने नेला. आईने आपण होऊन दिला. पुण्याचे नाव ती आता काढत नाही.

१९ नोव्हेंबर

सरांचे जाड पाकीट. युरोपातल्या तिघांच्या लेखाची प्रत, यंदाच छापलेली. पायॉन आणि न्यूक्लिऑन, एका वलयापर्यंत. मध्यावरच्या एका समीकरणाखाली सरांची पेन्सिल.

माझे पद. सहगुणकासकट, चिन्हासकट.

ते त्याला चूक म्हणत नाहीत. न्यूक्लिऑन जड असल्यामुळे पायऱ्यांचा हिशेब येथे मोडतो, एवढेच म्हणतात, आणि शांतपणे पुढच्या परिच्छेदाकडे जातात. जणू चुकण्याची भीती कोणाला कधी नव्हतीच.

समासात सरांचे अक्षर: "हेच होते ना तुझे? तुझे १९८६चे कागद तारखांसह लगेच पाठव. निदान नोंद करून घेऊ. नव्या जागेसाठी तेवढे पुरेल."

२० नोव्हेंबर

सकाळ. आई चुलीपुढे बसली आहे. सवयीने हाक मारते —

"जाये, आज कागुद हायत का गं?"