हसल्याशिवाय फोटो नाही

कोळीवाडा, पनवेल
१४ ऑगस्ट २०१०

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. कीर्तीवहिनीला नमस्कार आणि इराच्या दोन्ही गालांना पापा. पाकिटात राखी आहे, कुंकवाची पुडी आहे आणि वहीच्या कागदात गुंडाळलेला एक फोटो आहे. फोटो पत्र वाचून झाल्यावरच उघड. तू आधी उघडशील हे मला ठाऊक आहे, तरी सांगते.

इकडे सगळे बरे आहेत. सुकापूरच्या शाळेत मला पाचवीचा वर्ग मिळाला आहे. वर्गातली निम्मी मुलं नव्या बिल्डिंगांमधली. परवा एकाने मला विचारलं, "टीचर, खाडीत मासे असतात? ते फ्रीजमध्ये नसतात?" मी हसले, पण मग वाईट वाटलं. शाळेपासून खाडी किती लांब आहे? त्याच दिवशी ठरवलं, आपल्या वाड्यातल्या कामांचे फोटो काढून शाळेत लावायचे. चिखलातून निवटे मासे पकडणं, जाळं शिवणं, कालवं फोडणं. फोटोखाली माणसांची नावंही लिहायची. आपली कामं दिसली पाहिजेत, दादा.

तुझा रीळवाला कॅमेरा मी अजून वापरत होते. पण आता रीळ धुवायला मुंबईला पाठवावं लागतं, आणि त्याचं बटणही दाबलं की अडकतं. तो विकला नाही. तुझ्या जागेवर, माळ्यावर ठेवला आहे.

म्हणून पगार झाल्यावर बाजारातल्या दुकानात गेले. आईची मासळी लवकर संपली होती, तिलाही नेलं. ती पायरीवरच थांबली. "माज्या हाताला वास हाय. तू जा." मी हात धरून तिला आत नेलं. दुकानदाराने आधी भलामोठा काळा कॅमेरा काढला, भिंगं बदलायचा. म्हणाला, "मॅडम, हल्ली सगळे हाच नेतात. लग्नाच्या ऑर्डरी घेणार ना?" मी म्हटलं, "नाही, आईचे फोटो काढणार. आणि आईने माझे काढायचे." तो आईकडे बघत राहिला. मग काउंटरखालून एक लहान कॅमेरा काढला.

तोच घेतला. मेगापिक्सेलचे आकडे त्याने पुष्कळ सांगितले, पण मी माझेच प्रश्न विचारले. पेन्सिल सेल चालतात का? चालतात. वीज गेली तर नडायला नको. पदराला हात पुसून आईला बटण दाबता येईल का? तिने तिथेच दुकानदाराचा फोटो काढला. कपाळ कापलं गेलं, पण चष्मा अगदी स्वच्छ आला! मोठा कॅमेरा शिकायचाच आहे मला, तोही घेईन. पण पहिला कॅमेरा घरातल्या सगळ्यांचा हवा. माझी निवड बरोबर आहे, याबद्दल मला जराही शंका नाही.

दुकानदाराने एक गंमत दाखवली. कॅमेरा एका खुणेवर ठेवला की समोरचं माणूस हसल्यावर तो आपला आपण फोटो काढतो. आईला इतकं हसू आलं की त्याने तिचे चार फोटो काढले.

ती खूण तशीच राहिली, हे मी विसरले.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते लिहिते. इतका वेळ टाळत होते.

रविवारी ऊन पडलं. बाबांचा फोटो काढायचा म्हणून अंगणात खुर्ची ठेवली. तुला माहीत आहे ना बाबा फोटोला कसे बसतात? पांढरा सदरा, हात गुडघ्यांवर, तोंड मिटलेलं, नजर पोलीस पाटलासारखी. मी कॅमेरा खिडकीत टेकवून ठेवला. काही होईना. बाबा म्हणाले, "बिघडलेला दिला तुला. येवढी शिकली नि फसली."

आई जाळं शिवत बसली होती. म्हणाली, "कॅमेरा चांगला हाय. तुमी हसला नाय तं तो फोटू काढनार नाय."

"मंग ऱ्हाऊ दे त्याला तसाच."

शेजारच्या भामाकाकू आल्या. "काशिराम, लग्नातबी हसला नव्हतास तू. सोनाबाई कशी ऱ्हायली तुज्याजवल?" बाबांनी नुसते दात दाखवले. कॅमेरा फसला नाही. आम्ही तिघी हसून हसून दमलो आणि बाबा घामाघूम झाले.

तेव्हा आई जाळ्यावरची नजर न काढता म्हणाली, "प्रणितच्या पोरीला दोन दात आलेत."

दादा, तुझं नाव. तू कोर्टात लग्न करून मग फोन केलास, त्या दिवसापासून या घरात ते कोणी घेतलं नव्हतं. बाबांना वहिनीचा राग कधीच नव्हता. तुझ्या हळदीला अख्खा वाडा जेवायला घालायचा, असं त्यांनी तुझ्या बारशापासून ठरवलं होतं. ते राहिलं, एवढंच. वाड्याला काय तोंड दाखवू म्हणून त्यांनी तुझंच नाव बंद केलं. आई मात्र वहिनीशी दर आठवड्याला भामाकाकूंच्या मोबाइलवर बोलते. तुला वहिनीने सांगितलं नसेल, तर तिला रागावू नकोस.

मला भीती वाटली, बाबा उठून जातील. आणि कॅमेरा वाजला. कट्.

बाबा दचकले. मग त्यांनी नजर पायाखालच्या लादीकडे वळवली. आणि विचारलं, "खालचे का वरचे?"

वरचे आधी आले तर मामाला जड, हे ते अजून मानतात. एरवी मी वाद घातला असता. घातला नाही.

आई म्हणाली, "ज्याच्या घरात आलेत त्याला इचारा."

त्याला आज सहा दिवस झाले. बाबा रोज काहीतरी निमित्त काढतात. काल जेवताना म्हणाले, "खालचेच असतील. आपल्याकडं सगल्यांना खालचेच आले." आईने फक्त आमटी वाढली. तिला माहीत आहे, आता मलाही माहीत आहे. पण आम्ही दोघींनी ठरवलं आहे, सांगायचं नाही. आज सकाळी पौर्णिमेच्या नारळाला लावायला सोनेरी कागद आणला बाबांनी. दरवर्षीपेक्षा मोठा ताव आहे. कशाला म्हणून मी विचारलं नाही.

फोटो त्यांना दाखवला. म्हणाले, "तोंड बघ कसं झालंय. कोनाला दावू नकोस." त्या 'कोणाला'मध्ये तू नाहीस, असं मी ठरवलं आहे.

आता कागद उघड.

नारळी पौर्णिमेला ये. मान खाली घालून येऊ नकोस, भाषणही तयार करू नकोस. बाबांनी एकच प्रश्न विचारला आहे, त्याचं उत्तर दे. आणि ते उत्तर जिच्या तोंडात आहे, तिलाही कडेवर घेऊन ये. कॅमेरा त्या दिवशी आईच्या हातात असेल.

सगळं ठाऊक असून काही न सांगणारी
तुझी बहीण,
कोमल