डाव्या हाताची करंगळी

११ नोव्हेंबर १९७३
ग्लोव्ज काढले तर आत रक्त! करंगळी फाटलेली. तीन कॅच घेतले, कधी लागलं कळलंच नाही. कप्तान भैय्याजी सगळ्यांसमोर म्हणाले, "पाहा बे, याले म्हणते विकेटकीपर. हूं नाही की चूं नाही." टाळ्या पडल्या. मला मात्र घाम फुटला.

१२ नोव्हेंबर
मिलच्या ऑफिसात टाचणी टोचून पाहिली. काहीच नाही.

१८ नोव्हेंबर
कोपराखाली फिकट चट्टा आहे. उन्हाचा असेल म्हणत होतो. गावच्या शालिकरामचं असंच सुरू झालं होतं. पुढे त्याचं ताट गोठ्यात सरकवायचे. तो शब्द लिहवत नाही. मिलने नोकरी दिली ती कीपिंगसाठी, माझ्या अक्षरासाठी नाही. कळलं तर सगळंच गेलं.

२० नोव्हेंबर
टीमकडे ग्लोव्जचा एकच जोड. दुसरा कीपर रुपराव प्रॅक्टिसला मागत होता. दिला नाही. "काहून गा? बायकोचे दागिने हायेत काय?" सगळे हसले, मीही हसलो. माझ्यामुळे त्याला झालं तर? ग्लोव्ज घरी आणून माळ्यावर टाकले.

२९ नोव्हेंबर
मौद्याला गेलो. नागपुरात कोणीतरी ओळखलं असतं. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले आणि बोटावरून कापूस फिरवला. "कळून राहिलं काय?" नाही. कुष्ठरोगच. "लवकर आले, बरं झालं. तुमच्यापासून कोणाले होत नाही. गोळ्या चुकवू नका." बोटात जीव परत येईलच असं नाही म्हणाले.

एसटीत शेजारच्या माणसापासून अंग चोरून बसलो.

३ डिसेंबर
वच्छलाला सांगितलं. तिने गोळ्यांची पुडी हातात घेतली. मग, "गोळी जेवणाआधी घ्यायची का नंतर?" आणि माझ्याच ताटात जेवायला बसली. बायकोसमोर पहिल्यांदा रडलो.

१० मार्च १९७४
गोळ्या चालू, माळ्यावरून काढलेल्या ग्लोव्जने खेळही चालू. भैय्याजी नव्या पोरांना माझा हात दाखवतात — "हे लोखंड हाय." रोज टाचणी टोचतो. काहीच नाही. लोखंडच झालंय, त्याचीच तर भीती!

८ डिसेंबर १९७४
फायनल. त्यांची शेवटची जोडी, जिंकायला दोन धावा हव्या. बॅटची कड लागली, साधा कॅच. ग्लोव्जमध्ये बसला आणि करंगळीतून खांद्यापर्यंत अशी कळ गेली की हात आपोआप उघडला. पुढच्याच बॉलवर हरलो. भैय्याजी म्हणाले, "पुढच्या मॅचले रुपराव." नोकरीचं काय होतं ते बघू.

ग्लोव्ज रुपरावच्या हातात दिले आणि घरापर्यंत पळत आलो. करंगळी अजून ठणकते आहे.