कुलपांचं डिझाइन

३ जानेवारी
आज पुन्हा! दूध आणायला दोघं निघालो, तर हे कुलपांच्या दुकानापुढे उभे. पुढे नळांच्या. मग केसांच्या टोपांच्या. ह्यांना ना कुलूप घ्यायचंय, ना टोप. "काय बघताय एवढं?" तर म्हणे, "डिझाइन." कुलपाचं डिझाइन! दोन वर्षं हेच चाललंय. मी नाद सोडलाय.

९ जानेवारी
ह्यांच्या अंगठ्याला जखम. महिनाभर मोज्यात लपवलेली, कडेने काळपट. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतात, आणि स्वतःचा अंगठा दिसला नाही म्हणे. मी खूप बोलले. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

११ जानेवारी
डॉक्टरीणबाईंनी पावलावर बोटं ठेवली, मग घोट्यामागे. नाडी लागेना. पायाची रक्तवाहिनी तुंबलीय.

"चालताना पोटरी दुखते? थांबलं की बरं वाटतं?"

मला एकदम कुलपं आठवली.

"सिगारेट?" — "कधीतरी." मी खाकरले. "रोज पाकीट," हे म्हणाले.

बाई म्हणाल्या, "वाहिनी आम्ही उघडू. पण धूर चालू राहिला तर ती पुन्हा बंद होईल, आणि मग पाय वाचवणं कठीण. साखर असली तर आणखी कठीण."

साखर ह्यांना नाही. ती मला आहे. घरात रीतसर वाटणी झालेली आहे.

१८ जानेवारी
जांघेतून नळी घालून, फुगा फुगवून वाट मोकळी केली. आत जाळीही बसवली. संध्याकाळी पाऊल कोमट लागलं. मी ते धरूनच बसले. नर्स म्हणाली, "सोडा आता काकू, कुठे पळत नाहीये ते." इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांचं पाऊल असं कधी धरलं नव्हतं. भीती वाटली होती. फार.

२ फेब्रुवारी
सिगारेट बंद. चिडचिड चालू.

२० फेब्रुवारी
रोज चालायचा हुकूम आहे — दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं. सोबत मी. हे थांबले की मलाही बरं वाटतं. वय झालं, दुसरं काय.

१४ मार्च
जखम भरली. अंगठा शाबूत. हे आता थांबतच नाहीत! पुढे जाऊन मागे वळून विचारतात, "येतेस ना?" मिजास बघा.

१७ मार्च
आज कुलपांच्या दुकानापुढे मी थांबले. हे परत आले.

"काय बघतेस?"

"डिझाइन."

ह्यांनी काचेकडे बघितलंच नाही. माझ्या पायांकडे बघितलं.