बटणावरचा केस

३ ऑगस्ट
नवा अ‍ॅम्प्लिफायर आणला. दुकानदाराने माझा जुना आणि हा नवा आलटूनपालटून ऐकवले. नव्याची पाळी आली की त्याचं बोट व्हॉल्यूमशी जरा जास्तच रेंगाळायचं. मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो, हे मला कुणी शिकवायला नको. तरी घेतला.
घरी लावला तर डिट्टो जुन्यासारखा. फोन केला. म्हणे, आठवडाभर दिवसभर वाजत ठेवा, मग आवाज मोकळा होतो.
बायकोची अट : रविवारी साडूंसमोर दोन्ही ऐकायचे. फरक कळला नाही तर नवा परत, आणि जेवताना ‘आवाज’ हा विषय कायमचा बंद. मी एका पायावर तयार. मला कान आहेत.

४ ऑगस्ट
नव्यावर रेडिओ बारीक लावून ऑफिसला गेलो. ही माझ्यानंतर निघते, माझ्याआधी येते. मधल्या वेळात बंद करणार, नक्की.
संध्याकाळी आलो तर चालू! फारच संशयास्पद.

५ ऑगस्ट
सापळा. अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणावर आणि भिंतीवरच्या त्याच्या स्विचवर एकेक केस चिकटवला. माझेच. या वयात हा त्याग लहान नाही.
संध्याकाळी केस जागच्या जागी. मग ही हसली का?
बेस किंचित सैलावलाय.

६ ऑगस्ट
केस शाबूत. गायिकेच्या आवाजात ओलावा आलाय. हिला म्हटलं, ऐक. म्हणाली, कपडे वाळत घालून येते. आलीच नाही.

७ ऑगस्ट
साडूंचा फोन. सहज विचारल्यासारखं विचारलं, जुना कुठे ठेवलायस? यांना काय करायचंय? जुना कपाटात कुलूपबंद. किल्ली माझ्या खिशात.

८ ऑगस्ट
मोकळा झाला! डोळ्यांत पाणी आलं. दिवसभर वाजल्याशिवाय हे होणे नाही. उद्या साडूंचं तोंड बघण्यासारखं होणार.

९ ऑगस्ट, रविवार
साडू आले. आधी मी रोजची प्रगती सविस्तर सांगितली. हिने विचारलं, हे सगळं दिवसभर वाजला म्हणून? म्हटलं, अर्थात! मिनिटाचाही खंड नाही. पुरावा म्हणून केस दाखवले.
ही म्हणाली, पण मी निघताना हॉलचा मेन स्विच बंद करून जाते. आल्यावर लावते. इतकी वर्षं. तुला माहीत नव्हतं?
साडू हसून हसून सोफ्यावर आडवे.
तरी मी हटलो नाही. अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठ करून बसलो, दोन्ही ऐकले. ज्याच्या ओलाव्याला भरभरून दाद दिली, तो जुना निघाला.

१० ऑगस्ट
नवा परत केला. दुकानदाराने विचारलं, नीट वाजत ठेवला होता ना? माझ्याकडे संशयाने बघत होता.
रात्री जेवताना फ्रिजची घरघर आज जरा मोकळी वाटली. अगदी ओठांवर आलं होतं. ही बघत होती.
पाणी प्यायलो.