बाराचा कर्ण, सातचा लंब

७ ऑगस्ट

चि. सौ. धाकटीस अ. आ.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिलेत. ते देण्याच्या मनःस्थितीत मी नाही. काल स्टाफरूममध्ये भूगोलाच्या सरांनी सगळ्यांसमोर हसत विचारलं, की तुमची भाची प्रयोगशाळेतल्या बाईकडे शिकवणीला जाते, हे खरं का. जी बाई आमच्या परीक्षानळ्या विसळते, तिच्याकडे! सख्खा मामा तेवीस वर्षं गणित-विज्ञान शिकवतोय आणि तू माझ्या नाकावर टिच्चून पोरीला तिथे धाडतेस. मी काय मेलो होतो?

शिकवणी बंद कर. वरच्या गणिताच्या तुकडीची यादी मीच करतो, हेही ध्यानात ठेव. उत्तर पोस्टाने पाठव, बिट्टीच्या दप्तरातून नको. शाळेत मी तिचा मामा नाही.

इतकेच. लोभ उरला असेल तो ठेवावा.
दादा

११ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

शिकवलं होतंस की तू. गेल्या वर्षी चार रविवार, आमच्याच जेवणाच्या टेबलावर. तू भराभर उत्तर सांगायचास, ती उतरवून घ्यायची आणि तिने का म्हणून विचारलं की तू घड्याळ बघायचास. पाचव्या रविवारी तू बेल वाजवलीस तेव्हा ती न्हाणीघरात कडी लावून बसली होती. मी तुला खोटंच सांगितलं, की ताप आलाय.

बाईंकडे वही नंतर उघडते. आधी दोरा, पट्टी, तराजू. काढल्या-मोजल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही, असा त्यांचा दंडक आहे. घनता शिकल्यापासून ही बया माझ्या किल्ल्यासुद्धा मापाच्या भांड्यात बुडवून बघते. विज्ञानाच्या पुस्तकाला हात न लावणारी पोर आता जेवताना माझं डोकं खाते.

तिला यंत्रं शिकायची आहेत. त्या तुकडीत नाव आलं नाही तर तो रस्ता कायमचा बंद, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. माझ्यावरचा राग तिच्या पेपरावर काढू नकोस.

तुझ्या लोभाची मलाही फार खात्री नाही, तरी असू द्यावा.
धाकटी

२६ ऑगस्ट

चि. सौ. धाकटीस अ. आ.

तुकडीला पंचाहत्तर गुण लागतात. बिट्टीला बहात्तर पडले. यादीत तिचं नाव नाही.

मुद्दाम केलं म्हणशील, म्हणून सांगतो. सहावा प्रश्न, चार गुणांचा. काटकोन त्रिकोणाचा कर्ण बारा, कर्णावरचा लंब सात, क्षेत्रफळ किती. बारा साते चौऱ्याऐंशी, त्याचे निम्मे बेचाळीस. वीस वर्षं मी हा प्रश्न घालतोय आणि ढ पोरंसुद्धा बेचाळीस लिहितात. तुझ्या लेकीने लिहिलं, की असा त्रिकोण नसतो, एकदा काढून बघावा. मी शून्य दिलं.

हा आगाऊपणा त्या बाईचाच. मागे एका मुलीने अगदी हेच लिहिलं होतं. तिलाही शून्य दिलं आणि तासभर बाकावर उभं केलं. पुन्हा तोंड वर करून बोलली नाही.

कळावे. राग धरायचा तर धर.
दादा

३० ऑगस्ट

ती. दादास नमस्कार.

तुझं पत्र घेऊन मी तडक बाईंकडे गेले. पोरीला भलतंसलतं शिकवलंत का, हे विचारायलाच. त्या तराजूची पारडी पुसत होत्या. मी पत्र मोठ्याने वाचत गेले. शेवटच्या ओळी त्यांनी पुन्हा वाचायला लावल्या.

मग म्हणाल्या, की हे गणित त्यांनी बिट्टीला कधीच सांगितलं नाही, कोणालाच नाही. आणि तासभर नव्हे, दोन तास. पुढचा चित्रकलेचा तासही बाकावरच गेला होता. त्यांचंही नाव तेव्हा चार गुणांनी हुकलं. पुढे त्याच शाळेत नळ्या विसळायचं काम मिळालं. दादा, तू रोज त्यांच्या हातून सामान घेतोस आणि तुला चेहरा ओळखू आला नाही.

सोबत बिट्टीने बारा सेंटीमीटरची रेघ मारून कोरा कागद दिलाय. काढ त्रिकोण. जमला तर मी तुझ्या दारात येऊन माफी मागेन. तोवर लोभाचं काही लिहीत नाही.
धाकटी

४ सप्टेंबर

चि. सौ. धाकटीस,

कागद खोडून खोडून फाटला. नंतर माझे सात कागद गेले. काटकोन ठेवला की टोक सहाच्या वर जातच नाही. वीस वर्षांत मी तो एकदाही काढला नव्हता.

बिट्टीचे गुण दिले, यादीत नाव घातलं, प्रश्न चूक होता हे वर्गात सांगितलं. तू माझ्यापासून लपवून शिकवणी लावलीस, तो राग अजून आहे आणि राहील.

मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत गेलो. बाई नळ्या विसळत होत्या. बरंच ठरवून गेलो होतो. एवढंच म्हणालो, की ते चार गुण तुमचेच होते. त्यांनी नळ बंद न करता विचारलं, की सर, आता त्यांचं मी काय करू.


दादा